वाचकांचे प्रश्न : मेसच्या ताटातला शाकाहार

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये, नागपुरात शिकायला आलेली मुले-मुली एकदा वसतिगृहांत आणि भाड्याच्या खोल्यांत स्थिरावली की, या सदराकडे मेसविषयीची पत्रे येऊ लागतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक शाकाहाराविषयी आहेत, आणि त्यांतली काही दूध-तूपही न घेणाऱ्या, म्हणजे व्हीगन आहार स्वीकारलेल्या विद्यार्थ्यांची आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांपैकी सहा प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : मी वणी तालुक्यातली असून नागपुरात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि वसतिगृहात राहते. गेल्या दिवाळीपासून मी दूध, दही, तूप आणि मधही सोडला आहे. आमच्या मेसमधल्या मावशी प्रेमळ आहेत, परंतु “दूधच तर आहे, त्यात काय एवढं” असे म्हणून त्या मला समजावत राहतात. वरणाला तुपाची फोडणी असते, रविवारी पनीर असते आणि त्या दिवशी मी लोणचे-पोळी खाऊन उठते. आई म्हणते की, असे करून अंगात रक्त राहणार नाही. हे पथ्य मला नीट निभावता येईल का? गोळ्या घ्याव्याच लागतील का?

उत्तर : तुमच्या आईंची काळजी खरी आहे आणि तुमचा निर्णयही विचारपूर्वक घेतलेला दिसतो, म्हणून दोघींनाही पडताळून पाहता येईल असे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशींनुसार प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने पुरतात. आहारात मुख्यतः धान्येच असतील, तर हे प्रमाण 1 ग्रॅम धरावे. तुमचे वजन 50 किलो आहे असे मानले, तर तुमची गरज 42 ते 50 ग्रॅमच्या दरम्यान येते. आता मेसच्या ताटाकडे पाहू. 30 ग्रॅम कोरड्या तूरडाळीच्या घट्ट वरणातून 6 ग्रॅमहून थोडी अधिक प्रथिने मिळतात आणि तेवढ्याच हरभऱ्याच्या उसळीतून जवळपास तितकीच. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाणे 7 ग्रॅम देतात, 25 ग्रॅम सोयाबीनच्या वड्या 12 ग्रॅम, आणि दिवसभरातल्या पोळ्यांसाठी 200 ग्रॅम कणीक धरली, तर तिच्यातून आणखी सुमारे 20 ग्रॅम. ही बेरीज 50 च्या पुढे जाते आणि तिच्यात दुधाचा थेंबही नाही. पोळीत ज्या घटकाची उणीव असते, ती डाळ भरून काढते. आपल्याकडे पोळी आणि वरण एकाच ताटात वाढले जाते, त्याचा हा मोठा लाभ आहे.

अडचण आहे ती “घट्ट वरण” या दोन शब्दांत. पुष्कळ मेसमध्ये वाटीत पिवळे पाणी अधिक आणि डाळ थोडी असते, आणि तसे असेल तर वरचा हिशेब कोसळतो. म्हणून पनीरऐवजी काय मिळेल हे विचारण्याआधी वरण दाट करून मिळेल का, हे विचारावे असे मला वाटते. ही मागणी तुमच्या एकटीची राहणार नाही. पंगतीतल्या प्रत्येकाला ती आपली वाटेल.

आता बी-12 विषयी, आणि येथे मी कोणतीही सवलत देणार नाही. हे जीवनसत्त्व जीवाणू तयार करतात आणि कोणत्याही वनस्पतिजन्य पदार्थात ते भरवशाच्या प्रमाणात मिळत नाही. इडलीच्या आंबवलेल्या पिठात ते असते, स्पिरुलिना नावाच्या शेवाळात असते, विहिरीच्या पाण्यात असते, असे बरेच काही सांगितले जाते. त्यांपैकी कशावरही विसंबू नये. प्रौढांसाठी दिवसाला 2.2 मायक्रोग्रॅम इतकी अल्प मात्रा सांगितलेली आहे, परंतु ती मिळाली नाही, तर प्रथम थकवा, जीभ लाल होणे, हातापायांना मुंग्या अशी लक्षणे दिसतात आणि दुर्लक्ष लांबले, तर मज्जातंतूंना होणारी इजा पूर्णपणे भरून येईलच असे नाही. शरीरात साठा असल्यामुळे दूध सोडल्यावर काही महिने, कधी काही वर्षेही, सारे ठीक चालले आहे असे वाटत राहते, आणि म्हणूनच ही उणीव फसवी ठरते. एकदा रक्ततपासणी करून घ्या आणि डॉक्टर सांगतील त्या मात्रेत गोळी नियमित घ्या. या गोळीतले बी-12 जीवाणूंच्या किण्वनातून मिळवलेले असते, त्यामुळे तुमच्या तत्त्वाला बाध येत नाही. मात्र कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेले असते, म्हणून औषधाच्या दुकानात साधी गोळीच मागावी.

आई “रक्ता”विषयी बोलतात, तेव्हा त्यांच्या मनात लोह असणार. स्त्रियांसाठी दिवसाला 29 मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे, आणि दूध घेणाऱ्या मुलींनाही ते दुधातून मिळत नाही, कारण दुधात लोह जवळजवळ नसतेच. ते डाळी, हिरव्या पालेभाज्या, तीळ, बाजरी यांतून मिळवावे लागते आणि वनस्पतींतले हे लोह सहज शोषले जात नाही. त्यासाठी जेवताना लिंबू पिळावे, हंगामात आवळा किंवा आपले संत्रे खावे, आणि जेवण संपताच कपभर चहा घेण्याची जी सवय वसतिगृहात सर्वांना लागते, ती सोडून चहा तासभर पुढे ढकलावा, मग तो बिनदुधाचा असला तरी. कॅल्शियमसाठी तीळ आणि नाचणी यांचा आधार घ्या. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. नाचणी विदर्भात रोजच्या खाण्यात नाही, परंतु तिचे पीठ आता येथे सर्वत्र मिळते, आणि सुट्टीत घरी जाल तेव्हा आईंकडून नाचणीचे व तिळगुळाचे लाडू करून आणावेत. तेही तुपाशिवाय, शेंगदाण्याच्या कुटात वळलेले.

राहिल्या मावशी. आपल्या घरगुती स्वयंपाकात दूध-तूप बहुधा शेवटी आणि वरून येते. वरणावर तूप, पोळीला तूप, भाजीवर साय, कोशिंबिरीत दही. हे सगळे वाढण्याच्या थोडेसेच आधी पडते. त्यामुळे “माझ्यासाठी वेगळे करा” असे न म्हणता “तूप घालण्यापूर्वी माझी वाटी काढून ठेवाल का” असे म्हणा. पहिल्या वाक्यात त्यांना जास्तीचे काम दिसते, दुसऱ्यात केवळ एक वाटी. पनीरच्या रश्शाचे तसे नाही, कारण त्यात लोणी, साय किंवा दूध वाटणातच मुरलेले असते. रविवारी ते बदलून मिळण्यासाठी मेस समितीशी बोलावे लागेल. ते कसे, याचा उल्लेख पुढील उत्तरांत आहे.

प्रश्न : आमचे घर काटोलजवळच्या गावातले, तीन पिढ्यांचे माळकरी आहे. मुलगा अभियांत्रिकीला असून त्याच्या वसतिगृहात शाकाहारी आणि मांसाहारी जेवण एकाच स्वयंपाकघरात होते. अंडी ज्या तव्यावर होतात, त्याच तव्यावर पराठे भाजतात आणि रस्सा वाढायची पळी एकच असते, असे तो सांगतो. दुसऱ्यांनी काय खावे, याविषयी आमची काहीही तक्रार नाही. परंतु आमच्या मुलाला निदान खात्रीचे अन्न मिळावे, असा काही नियम आहे काय?

उत्तर : आपल्या पत्रातील “दुसऱ्यांनी काय खावे, याविषयी आमची काहीही तक्रार नाही” हे वाक्य मला फार मोलाचे वाटले, आणि याच भूमिकेतून बोलल्यास आपले म्हणणे मान्य होण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

नियम आहेत. वसतिगृहाची मेस आणि महाविद्यालयाचे कॅन्टीन ही अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 च्या कक्षेत येतात. मेस चालविणाऱ्या ठेकेदाराकडे परवाना किंवा नोंदणी असणे बंधनकारक आहे, आणि तिचा 14 अंकी क्रमांक दर्शनी भागी लावलेला असला पाहिजे. परवाना व नोंदणीविषयीच्या 2011 च्या विनियमांच्या चौथ्या अनुसूचीत स्वच्छतेच्या ज्या अपेक्षा दिल्या आहेत, त्यांत शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थ वेगवेगळे ठेवण्याचाही समावेश आहे. म्हणजे आपण जे मागत आहात, ती मेहेरबानीची याचना नाही. कायद्याच्या व्याख्येत अंडे मांसाहारात मोडते, हेही ध्यानात ठेवावे. “अंड्याचा तवा तर आहे, मटणाचा थोडाच” हे उत्तर म्हणून पुरेसे नाही.

मागणी करताना ती नेमकी करावी. स्वयंपाकघर दोन असावेत, ही मागणी लहान वसतिगृहात जागेअभावी बहुधा फेटाळली जाते, आणि मग सारेच बारगळते. त्यापेक्षा तवा, तळणीची कढई व तिच्यातले तेल, झारा, पळ्या आणि भाजी चिरण्याचे पाट एवढ्या वस्तू वेगळ्या असाव्यात, त्यांच्या दांड्यांना हिरवा रंग लावावा आणि शाकाहारी स्वयंपाक आधी उरकावा, असे लेखी सुचवावे. याला खर्च थोडा येतो आणि अंमलबजावणी डोळ्यांना दिसते. तळणीच्या तेलाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तव्याचे लगेच लक्षात येते, पण संध्याकाळची भजी कोणत्या तेलात तळली, हे कोणी विचारत नाही. अर्ज मुलाने मेस समितीकडे द्यावा, तेथे दाद न लागल्यास अधीक्षकांकडे, आणि त्यानंतरही काहीच न झाल्यास अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयाकडे तक्रार करता येते. पालकांनी थेट शेवटच्या पायरीवर जाऊ नये, असे माझे मत आहे, कारण मुलाला त्याच मेसमध्ये रोज दोन वेळा जेवायचे असते.

प्रश्न : मी एका वसतिगृहाच्या मेस समितीत विद्यार्थी प्रतिनिधी आहे. काही शाकाहारी विद्यार्थ्यांनी त्यांच्यासाठी टेबले राखून ठेवावीत असा अर्ज दिला आहे. त्यांचे म्हणणे असे की, शेजारच्या ताटातल्या मांसाच्या वासाने त्यांना मळमळते. दुसऱ्या बाजूच्या विद्यार्थ्यांना हा अपमान वाटतो आणि वातावरण तापले आहे. दोन्हीकडे माझे मित्र आहेत. आम्ही कोणता निर्णय घ्यावा?

उत्तर : हा प्रश्न तुमच्या वसतिगृहापुरता नाही. 2023 मध्ये मुंबईच्या आयआयटीतील वसतिगृहांच्या मेसमध्ये सहा टेबले शाकाहारासाठी राखून ठेवण्यात आली, त्याला काही विद्यार्थ्यांनी विरोध केला आणि प्रकरण विद्यार्थ्याला 10,000 रुपये दंड होण्यापर्यंत गेले. इतके ताणले गेल्यावर कोण बरोबर होते, याला फारसा अर्थ उरत नाही. ज्या मुलांनी चार वर्षे एकत्र जेवायचे, ती एकमेकांकडे संशयाने पाहू लागली, हे नुकसान मोठे आहे. म्हणून तुमच्या समितीने आत्ताच, अर्ज एकच असताना, शांतपणे विचार करावा.

माझे मत मी स्पष्ट सांगतो. पळी आणि कढई वेगळी मागणे व टेबल वेगळे मागणे, या दोन मागण्या दिसायला सारख्या असल्या, तरी त्यांचा अर्थ भिन्न आहे. पळीचा संबंध माझ्या ताटात काय पडते याच्याशी आहे, आणि ते ठरविण्याचा मला पूर्ण अधिकार आहे. टेबलाचा संबंध माझ्या शेजारी कोण बसते याच्याशी येतो. आपल्या समाजात कोणी कोणाच्या पंगतीला बसावे, कोणी कोणत्या पाणवठ्याला स्पर्श करावा, यावरून माणसांना पिढ्यानपिढ्या दूर ठेवले गेले आहे. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी पाणी पिण्यासाठी गेले, ते पाण्याच्या टंचाईमुळे गेले नव्हते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी ज्या भूमीवर लाखो लोकांनी त्यांच्यासमवेत धम्मदीक्षा घेतली, ती दीक्षाभूमी याच शहरात आहे, आणि तुमच्या मेसमध्ये जेवणाऱ्या कित्येक मुलांच्या घरांचा इतिहास तिच्याशी जोडलेला आहे. अर्ज देणाऱ्या मुलांच्या मनात असे काहीही नसेल, आणि नाहीच असे मी गृहीत धरतो. तरीही राखीव टेबलाची पाटी वाचणाऱ्याच्या मनात काय उमटेल, याचा विचार समितीला टाळता येणार नाही.

मात्र वासाने मळमळणे हीदेखील खोटी तक्रार नव्हे. जो कधीच मांस खात नाही, त्याला तो वास सहन होत नाही, यात तिरस्कार असतोच असे नाही. त्यासाठी उपाय जागेच्या आखणीत शोधावेत. वाढण्याचे दोन काउंटर भोजनगृहाच्या दोन टोकांना ठेवावेत, म्हणजे मांसाहारी पदार्थांची भांडी शाकाहारी रांगेसमोर येणार नाहीत. हाडे-काटे टाकण्यासाठी झाकणाची वेगळी बादली ठेवावी आणि ती तासाभराने रिकामी करावी. हवा बाहेर टाकणारे पंखे बंद पडले असतील, तर ते आधी दुरुस्त करून घ्यावेत. मी पाहिलेल्या भोजनगृहांत अर्धा वास ताटांतून येत नसे, तो भरून वाहणाऱ्या बादलीतून येई. एवढे केल्यावर ज्याला जेथे सोईचे वाटेल, तेथे त्याने बसावे; कोणत्याही टेबलावर पाटी नसावी आणि कोणालाही उठविण्याचा अधिकार कोणाला नसावा. काही मुले खिडकीजवळ बसतील, काही मित्रांसोबत बसतील. श्रावण लागला की मांसाहार करणाऱ्यांपैकीही पुष्कळ मुले पोळ्यापर्यंत शाकाहारी रांगेत उभी असतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. राखीव टेबलावर त्यांना महिनाभर बसू द्यायचे की नाही, याचे उत्तर कोणत्याही नियमावलीत देता येणार नाही.

निर्णय जाहीर करण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या चार-चार मुलांना एकत्र बसवून ही आखणी त्यांच्याकडूनच कागदावर काढून घ्या. त्यांनी स्वतः ठरविलेल्या गोष्टीवर ती सहसा पुन्हा भांडत नाहीत.

प्रश्न : मी प्रतापनगर भागात घरगुती मेस चालवते. विद्यार्थ्यांचे डबे देते आणि काही मुले येथे येऊन जेवतात. या वर्षी दोघी-तिघींनी “ताई, व्हीगन मिळेल का” असे विचारले. मला त्यांना नाही म्हणायचे नाही, परंतु सोयाचे दूध, टोफू वगैरे महाग वस्तू आणणे मला परवडणार नाही. मी काय करू शकते?

उत्तर : ताई, आपले पत्र वाचून मला फार आनंद झाला, कारण आपल्याला ज्याची भीती वाटते आहे, त्याची गरजच नाही. व्हीगन हा शब्द 1944 मध्ये इंग्लंडमध्ये तयार झाला, परंतु त्या शब्दाला साजेसे जेवण विदर्भातल्या घरांत त्याच्या कितीतरी आधीपासून होत आले आहे. त्याला वेगळे नाव देण्याची आवश्यकता कोणाला भासली नाही, इतकेच. टोफूचा विचार सोडून द्या आणि आपल्याच स्वयंपाकघरात पाहा.

पाटोडी रस्सा घ्या. बेसनाच्या पाटोड्या आणि खोबरे, खसखस, कांदा यांचे भाजून केलेले वाटण. यात दुधाचा अंशही नसतो, आणि रविवारी पनीरच्या जागी ती वाढली, तर मांसाहार करणारी मुलेही दुसऱ्यांदा मागतील. डाळकांदा घ्या. हलबा कोष्टी समाजाच्या सावजी स्वयंपाकाने नागपूरला केवळ झणझणीत मटण दिले, असे बाहेरचे लोक समजतात. परंतु त्याच मसाल्यातला डाळकांदा आणि पाटोडी ही शाकाहारी माणसाला मिळालेली तितकीच मोठी देणगी आहे. गोळाभात करा. भिजवलेल्या हरभराडाळीच्या भरड वाटणाचे गोळे भातावर वाफवून वर हिंग, मोहरी आणि लाल मिरची यांची तेलाची फोडणी ओतली की, धान्य आणि डाळ एकाच घासात येतात. सोबतची कढी ज्यांना हवी त्यांनी घ्यावी, ज्यांना नको त्यांच्यासाठी चिंचेचे सार करावे. थंडीत भरीत आणि ज्वारीची भाकरी, त्यासोबत हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा, पावसाळ्यात अंबाडी आणि कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या, केव्हाही झुणका. सकाळी तर्री पोहे आहेतच, आणि त्यांतली काळ्या चण्यांची तर्री थोडी कमी तेलाची व जास्त चण्यांची केली, तर ती नाश्त्यातली उसळच होते. सांबारवडीचे सारण खोबरे-खसखस आणि भरपूर सांबाराचे असते. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी सांगायला हवे की, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. जवसाची चटणी डब्यात रोज चमचाभर द्या, कारण ज्या स्निग्धाम्लांसाठी इतर लोक मासे खातात, त्या गटातील एक स्निग्धाम्ल जवसात विपुल असते.

मुलींनी खीर-श्रीखंडाऐवजी काही गोड मागितले, तर नारळाच्या दुधातली तांदळाची खीर किंवा तेलाच्या मोहनाची गुळाची पोळी करता येते. पुरणपोळी तर मुळात व्हीगनच आहे. तूप वरून असते.

खर्चाविषयी. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारमार्गदर्शनात 2000 कॅलरींच्या शाकाहारी ताटासाठी दिवसाला 85 ग्रॅम कडधान्ये-डाळी आणि 300 मिलिलिटर दूध सुचविलेले आहे. जी मुलगी दूध घेत नाही, तिच्या दुधा-दह्याचे आणि पनीरचे पैसे आपले वाचतात. त्या पैशातून डाळीचे प्रमाण 85 च्या पुढे नेणे, शेंगदाण्याची वाटी वाढविणे आणि आठवड्यातून दोनदा सोयाबीनच्या वड्या देणे सहज शक्य आहे. इतवारीत किंवा कळमन्याला महिन्याची डाळ एकत्र घेतली, तर हिशेब आपल्या बाजूनेच राहील. एक मात्र करा. दुधाऐवजी मुलीला काही न देता तिच्याकडून पूर्ण रक्कम घेणे, हे पुष्कळ मेसमध्ये चालते आणि ते अन्याय्य आहे. बदली पदार्थ देणे शक्य नसेल, तर रक्कम कमी करावी.

आणि भिंतीवर एक फळा लावा. त्यावर रोजच्या प्रत्येक पदार्थापुढे तूप, दूध, दही, शेंगदाणे यांपैकी काय आहे, ते खडूने लिहा. ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, त्यालाही त्याचा उपयोग होईल. मुलांनी “यात काय आहे” असे विचारल्यावर वाढणाऱ्या मुलाने अंदाजाने “काही नाही” असे सांगणे, ही मेसमधली सर्वांत जुनी आणि सर्वांत त्रासदायक सवय आहे. विश्वास मोडतो तो तेथे. आपण वनस्पती तूप वापरत असाल, तर फळ्यावर नुसते “तूप” न लिहिता “डालडा” असे लिहा; ते व्हीगन मुलींना चालेल, परंतु रोजच्या वापरासाठी मी त्याची शिफारस करणार नाही. तेलाचीच फोडणी द्यावी.

प्रश्न : मी व्हीगन आहे आणि माझी खोलीतली मैत्रीण जैन आहे. आमच्या कॅन्टीनमध्ये आम्हा दोघींसाठी एकच “स्पेशल” ताट करतात आणि त्यात हमखास एकीला न चालणारे काहीतरी असते. कॅन्टीनवाल्यांना हे कसे समजवावे?

उत्तर : लिहून द्यावे. तुमच्या मैत्रिणीला दूध, दही, तूप चालते; कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा अशी जमिनीखाली वाढणारी कंदमुळे चालत नाहीत. तुमचे नेमके उलट आहे. दोघींना चालेल असा पदार्थ हवा असेल, तर तेलात केलेली, कांदा-लसूण नसलेली तूरडाळ किंवा मुगाची उसळ, दुधीची अथवा कोबीची भाजी आणि तुपाशिवायची पोळी सांगावी. बटाट्याऐवजी कच्ची केळी घातल्यास भाजीला दाटपणाही येतो. चातुर्मासात आणि पर्युषणात त्यांचे नियम आणखी कडक होऊ शकतात, तेव्हा पालेभाजी सुचविण्यापूर्वी मैत्रिणीलाच विचारा. उपवासाची साबुदाण्याची खिचडी “दोघींना चालते” असे समजून देतात. तिच्यात बटाटा असतो आणि कधी तूपही असते.

प्रश्न : मला दूध पचत नाही, दही मात्र थोडे चालते. अभ्यासाच्या वेळी मी बिस्किटे आणि पाव खातो आणि हिरव्या ठिपक्याचेच पाकीट घेतो, तरी पोट बिघडते. हिरवा ठिपका असताना असे का होते?

उत्तर : कारण हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका दुधाविषयी काहीही सांगत नाही. आपल्या नियमांप्रमाणे मांस, मासे, अंडी आणि प्राणिजन्य घटक असलेला पदार्थ मांसाहारी ठरतो. त्यातून दूध, दुधाचे पदार्थ आणि मध यांना वगळलेले आहे. त्यामुळे दुधाची भुकटी घातलेल्या बिस्किटाला हिरवा ठिपका मिळणे पूर्णतः नियमानुसार आहे. मांसाहारी पदार्थांवर पूर्वी तपकिरी ठिपका असे, आता तपकिरी त्रिकोण असतो. दुधाचा अंशही नको असेल, तर 2022 च्या व्हीगन अन्नविषयक विनियमांनुसार दिलेले वेगळे चिन्ह पाहावे. हिरव्या रंगातले व्ही अक्षर आणि पान असे त्याचे रूप आहे. ते अजून थोड्याच पाकिटांवर दिसते, म्हणून पाकीट उलटून घटकांच्या यादीखालची ॲलर्जीविषयीची ओळ वाचावी. दूध असेल, तर त्याचा उल्लेख तेथे करणे उत्पादकांवर बंधनकारक आहे. पाव सुटा घेत असाल, तर बेकरीत विचारण्यावाचून पर्याय नाही.

दही थोडे चालते, याचे कारण विरजणातले जीवाणू दुधातल्या शर्करेचा काही भाग आधीच वापरून टाकतात. दुधानंतर अंगावर गांधी उठत असतील किंवा श्वास लागत असेल, तर मात्र ही न पचण्याची तक्रार नसून ॲलर्जी असू शकते. तसे असल्यास दहीही बंद करावे आणि डॉक्टरांना त्वरित दाखवावे. अभ्यासाच्या वेळी बिस्किटांऐवजी फुटाणे, गूळ-शेंगदाणे किंवा मुरमुऱ्यांचा चिवडा जवळ ठेवा. हे तिन्ही वसतिगृहाच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते.